तुळसाक्काचा टेम्पो

टेम्पो घ्यायला येणारं गिऱ्हाईक सोबत कुणाला आणतं, हे आम्हा शोरूमवाल्यांना तोंडपाठ असतं. कुणी मेव्हणा आणतो, कुणी ओळखीचा मिस्त्री आणतो, आणि ज्याला गाडीतलं काहीच कळत नाही तो दोघांनाही आणतो. तुळसाक्कानं बुट्टी आणली होती. कडक भाकऱ्यांनी गच्च भरलेली, वर धुवट पांढरं फडकं बांधलेली बुट्टी. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या शोरूमचं काचेचं दार खांद्यानं ढकलून ती आत आली, तेव्हा मला वाटलं कुणाचा तरी पत्ता चुकला.

"अक्का, खानावळ पुढं आहे," मी म्हणालो.

"माहीत हाय की. ती खानावळ माझीच भाकरी वाढते. मला टेम्पो दाखवा."

मी दाखवला. तिनं किंमत विचारली नाही, इंजिन विचारलं नाही, रंगही विचारला नाही. बुट्टी मागच्या हौद्यात ठेवली, पदर खोचला आणि स्वतःही चढून बुट्टीशेजारी मांडी घालून बसली. "केशवापूरकडनं घ्या," तिनं ड्रायव्हरला सांगितलं. "रेल्वेजवळ खड्डे हायत, तिथनं. चांगल्या रस्त्यावर कुठलीबी गाडी चांगलीच असते." मी पुढं बसलो. गिऱ्हाईक मागं हौद्यात आणि विक्रेता पुढं गादीवर, अशी आमच्या शोरूमची ती पहिलीच फेरी असावी.

परत आल्यावर तिनं फडकं सोडलं आणि आमच्या काचेच्या टेबलावर भाकऱ्यांची चळत मांडली. एकेक भाकरी उचलायची, उजेडाकडं धरायची, तुटलेली बाजूला ठेवायची. मालक स्वतः केबिनमधून बाहेर आले. तुटलेल्यांचे तिनं दोन ढीग केले होते. "ह्या खालच्या तुटल्या, त्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यानं. ह्या कडेच्या तुटल्या, त्या तुमच्या ड्रायव्हरच्या ब्रेकनं," ती म्हणाली. "गाडी बरी हाय. ड्रायव्हर बदला." मग कनवटीची शेंगाचटणीची पुडी सोडून तिनं एक तुकडा मालकांपुढं धरला. "खावा. तुटली म्हणून टाकायची नसती." आमचे मालक टायवाले. त्यांनी टाय खांद्यावर टाकला आणि उभ्याउभ्या तो तुकडा खाल्ला. मी इतकी वर्षं गाड्या विकल्या, पण गाडी अशी पारखणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

तुळसाक्का मूळची अळणावरकडची, लग्न होऊन हुबळीत आलेली. केशवापुरात, मी भाड्यानं राहायचो त्याच्या मागच्या बोळात तिचं घर होतं. पुढची खोली राहायची, मागची लांबलचक पत्र्याची शेड भाकरीची. पहाटे आमच्या गल्लीत कोंबड्याआधी तिच्या शेडमधली थापथाप ऐकू यायची. चार-पाच बायका परातीपुढं बसलेल्या असत आणि तुळसाक्का मधोमध, सगळ्यांत मोठ्या तव्यापुढं. ठेंगणी, रुंद, काळीसावळी बाई. तळहात मात्र असे सपाट, की बोलताना ती हवेतसुद्धा भाकरी थापते आहे असं वाटे. खुर्चीत बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. शोरूममध्ये आली तरी पायरीवर बसायची आणि आम्हालाच बाहेर बोलवायची.

माणसं मोजायचं तिचं माप भाकरी हेच होतं. "तो तीन भाकऱ्यांचा माणूस," ती एखाद्याबद्दल म्हणे, आणि त्यात त्याची भूक, ताकद, दानत सगळं आलं. मला ती पहिल्याच दिवशी "दीड" म्हणाली आणि तेच नाव पडलं. "काय दीड, बँकेत जाऊन आला काय?" असं ती भर रस्त्यात विचारी. मला राग यायला हवा होता, पण आमच्या मालकांना तिनं "अर्धी, तीबी मऊ" ठरवलं होतं, त्यामुळं मी आपला समाधानी होतो.

फुकट काही द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही, हा तिचा नेम. दारी आलेल्या गोसाव्यालासुद्धा ती आधी अंगण झाडायला लावी आणि मग भाकरी देई. "फुकटची भाकरी पोटात जाते, अंगी लागत नाही," असं म्हणे. पुष्कळांना ती कंजूष वाटायची. मलाही काही दिवस वाटली.

टेम्पो तिला हवा होता तो मारुतीमामांच्या गुडघ्यांमुळं. मामा म्हणजे तिचा नवरा. इतकी वर्षं तेच हातगाडीवरून भाकऱ्या पोचवायचे, खानावळींना, लग्नघरांना, आणि सगळ्यांत मोठी बुट्टी गावाबाहेरच्या टेम्पोच्या कारखान्याच्या कँटीनला. ज्या कारखान्याचे टेम्पो आम्ही विकायचो, तोच हा कारखाना. तिथले कामगार दुपारी तिची भाकरी खाऊन टेम्पो बांधायचे आणि त्यांनीच बांधलेला टेम्पो तिला भाकरी वाहायला हवा होता. आता मामांचे गुडघे चढ म्हटला की संप करत. जावई टेम्पो चालवायला तयार होता. तुळसाक्कानं माहेरच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा विकला, बोरमाळ गहाण टाकली, उरलेलं बँकेचं कर्ज काढलं आणि गाडी बुक केली.

"खंडेनवमीला पायजे," ती म्हणाली. आमच्याकडं नवी गाडी त्याच दिवशी दारात यावी अशी सगळ्यांची इच्छा असते. मी पावती दिली आणि नियमाप्रमाणं अटी वाचून दाखवल्या. गाडी हातात मिळेल त्या दिवशी जी किंमत असेल ती द्यावी लागेल, ही त्यातली एक. तिनं मान हलवली. त्या अटीकडं कोण लक्ष देतो? मीही देत नव्हतो.

गणपती गेले आणि कारखान्यात संप झाला.

पगाराचा जुना करार संपला होता आणि नवा करायला कंपनी तयार नव्हती. कामगारांनी गेटसमोर मांडव घातला आणि बसले. आमच्या मालकांनी मला रोज गेटवर पाठवायला सुरुवात केली, जणू मी जाऊन बघितलं की गाड्या लाजून बाहेर येणार होत्या. पण त्यामुळं पहिल्या सकाळी मी तिथं होतो. तुळसाक्का मामांच्या हातगाडीमागून चालत आली. पहाटे थापलेल्या भाकऱ्या बुट्टीत होत्या आणि गेटला कुलूप.

संपाचा पुढारी होता बसूअण्णा, वेल्डिंग खात्यातला. आवाज मोठा आणि मन हळवं, अशातला उंचापुरा माणूस. अक्काच्या मापात तो पाच भाकऱ्यांचा. तिनं त्यालाच गाठलं.

"बसू, माझी गाडी कुठं हाय?"

"आत आहे, अक्का. तयार होऊन उभी आहे."

"मग सोड की."

"कशी सोडू? गाडी बाहेर गेली की साहेबाला गिऱ्हाइकाचा उरलेला पैसा मिळतो. पैसा आला की साहेब वर्षभर निवांत झोपतो, आणि आम्ही इथं मांडवात मरतो. आमच्या हातात दुसरं काय आहे, सांग. ह्या उभ्या गाड्या, तेवढंच."

तुळसाक्का बुट्टीवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे गाडी तू अडवलास. कँटीन बंद, म्हंजे भाकरीबी तूच अडवलास. हप्ता बँकेनं चालू केलाय, तो कोण अडवणार?"

मला वाटलं, आता ही बाई शिव्यांची लाखोली वाहणार. ती तसल्या कामात कमी नव्हती. पण तिनं मांडवावर नजर फिरवली आणि विचारलं, "कुणाकुणाकडं सायकल हाय?"

माणसं हसली.

"हसताय कशाला? धारवाडला होस्टेलची पोरं घरच्या भाकरीसाठी जीव टाकत्यात. मामांचे गुडघे वाटेतल्या उणकलच्या पुढं जात नाहीत. गाडी अडवलासा, तर गाडीचं काम करा. फेरीमागं पैसे देते. तुटलेली भाकरी ज्याची त्यानं खायची, त्याचे पैसे कापून."

मांडवात सगळे फिटर, वेल्डर, पेंटर. कुशल कामगार, युनियनची माणसं. भाकऱ्या वाहायच्या म्हणजे काय? पण महिनाअखेर जवळ होती आणि पगाराचं पाकीट येणार नव्हतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. बसूअण्णा उठला, मांडवाच्या खांबाला टेकवलेली आपली सायकल काढली आणि म्हणाला, "बांध, अक्का."

पहिल्या दिवशी निम्म्या भाकऱ्यांचा चुरा झाला आणि धारवाडच्या रस्त्यावर कामगारांनी पोटभर भाकरी खाल्ली. पण ही माणसं गाड्या बांधणारी होती, त्यांना ते सहन होईना. दोन-तीन दिवसांत कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांचा झोपाळा विणून त्यांनी बुट्टी अधांतरी टांगली. मग एकानं दुसऱ्याचा झोपाळा बघून आपला सुधारला, तिसऱ्यानं त्याहून बरा केला. उणकलच्या तळ्याच्या कडेनं सायकलींची रांग जायची आणि बुट्ट्या मागं नुसत्या डुलायच्या. होस्टेलांची मागणी वाढली, मग धारवाडच्या खानावळींची. तुळसाक्कानं आणखी चुली मांडल्या आणि थापायला हात हवेत म्हणून संपकऱ्यांच्या बायकांना बोलावलं. शेकड्यावर मजुरी, रोजची रोज. गल्लीतली थापथाप आता दिवसभर चालू लागली. ज्या घरांत पगार बंद होता, त्या घरांत संध्याकाळी डाळ-तांदूळ येऊ लागले ते ह्या मजुरीवर. फुकट तिनं कुणाला चिमूटभर पीठ दिलं नाही. मी बघत होतो आणि मला कळत होतं, की त्या माणसांना मांडवात बसून कुणाच्या दयेचं खावं लागलं असतं तर संप कधीच मोडला असता.

पण ती काही संतीण नव्हती, हे सांगायलाच हवं. शेकड्याचा दर तिनं चांगला घासून लावला होता. एका सकाळी मी कामावर निघालो तर बोळात शांतता. शेडमध्ये डोकावलो. तवे तापलेले आणि सगळ्या बायका हाताची घडी घालून भिंतीला टेकून बसलेल्या. बसूअण्णाची बायको महादेवी पुढं.

"काय झालं?" तुळसाक्कानं विचारलं.

"संप," महादेवी म्हणाली. "दर वाढवा, अक्का. आमच्या घरात रोज ऐकतोय आम्ही, कसं बसायचं ते. आता येतंय आम्हालाबी."

मामा पान चघळत दारात उभे होते, त्यांना ठसका लागला. तुळसाक्कानं महादेवीकडं बघितलं, तव्याकडं बघितलं.

"किती पायजे?"

महादेवीनं सांगितलं.

"तेवढं परवडत नाही. हप्ता हाय माझा. ह्याच्या निम्मं वाढवते, आणि तिन्हीसांजेच्या पाळीला जास्त." तिनं हातातल्या हातात हिशेब थापला. "आणि बाळाला पाजायला जायचं असेल त्या बाईनं जायचं, मजुरी कापणार नाही. बोला."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. महादेवीनं परात पुढं ओढली. संप संपला होता आणि तवा अजून गरम होता. त्याच दिवशी मी गेटवर गेलो तेव्हा तुळसाक्का बसूअण्णाला सगळ्यांदेखत सांगत होती, "तुझी बायको बसली आणि उठलीबी, तवा गार व्हायच्या आत. मी तिला विचारलं किती, तिनं सांगितलं, मी निम्मं म्हणाले. तुझा साहेब काय शिजवतोय आत एवढे दिवस?" मांडवात हशा पिकला. गेटच्या आत उभे असलेले साहेब हसले नाहीत, पण ऐकलं त्यांनी. मला मात्र हसू आलं नाही. जिच्याविरुद्ध संप झाला तीच बाई तो किस्सा असा सांगत फिरत होती, लपवत नव्हती. इतका मोठेपणा मी कुठल्या मालकात बघितला नव्हता.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं खाली ठेवायची, धुवायची, पुजायची आणि हात लावायचा नाही. कारखान्यात दरवर्षी कामगार आपापल्या मशीनला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. यंदा मशीन आत आणि ते बाहेर. तर त्यांनी काय करावं? सगळ्या सायकली धुऊन मांडवापुढं एका ओळीत उभ्या केल्या, झेंडूच्या माळा घातल्या आणि त्यांची पूजा मांडली. शेजारी बायकांनी तवे आणि पराती आणून ठेवल्या. मोठमोठे वेल्डर सायकलच्या कॅरिअरला हात जोडत होते, आणि त्यात कुणालाही चेष्टा वाटत नव्हती.

त्याच वेळी गिऱ्हाइकंही आली. ज्यांना खंडेनवमीचा वायदा होता ते सगळे हार आणि नारळ घेऊन हजर. गाड्या गजाआडून दिसत होत्या, नव्याकोऱ्या, रांगेत उभ्या. अण्णिगेरीचा एक मिरचीचा व्यापारी सगळ्यांत तापला होता. त्याची मिरची गोदामात पडून होती आणि भाड्याच्या ट्रकवाल्यांनी संप बघून भाव चढवले होते. "तुमचा पगार वाढणार आणि आमचं दिवाळं निघणार! आम्ही काय पाप केलंय?" तो ओरडत होता. खरं सांगायचं तर त्याचं चूक नव्हतं. संपात दोघं भांडतात आणि तिसऱ्याचा खिसा फाटतो, हे मी त्या मांडवात रोज बघत होतो.

तुळसाक्काही आली होती. नवी इरकल नेसलेली, हातात झेंडूचा हार, मागं मामा आणि जावई. ती ओरडली नाही. गजापाशी जाऊन उभी राहिली आणि आपली गाडी शोधू लागली. मी बोट करून दाखवली. ती बघत राहिली.

बसूअण्णाला ते बघवलं नाही. तो मांडवात गेला, आपल्या माणसांशी दोन मिनिटं बोलला आणि परत आला. "अक्का," तो म्हणाला, "आमचं सगळ्यांचं ठरलं. तुझी एक गाडी सोडतो. तुझी भाकरी खाल्लीय आमच्या पोरांनी." आणि वळून त्यानं हाळी दिली, "गेट तेगीरी! उघडा गेट!"

आतून साहेबांचा माणूस धावत आलाच, किल्ली घेऊन. त्यांना काय, गाडी बाहेर पडायलाच हवी होती. कुलूप निघालं. जावई पुढं झाला. तिचा हप्ता, गहाण टाकलेली बोरमाळ, विकलेला जमिनीचा तुकडा, सगळं मला माहीत होतं. आता फक्त चार पावलं टाकायची होती.

"बेडा," तुळसाक्का म्हणाली.

बसूअण्णाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"नको म्हणते मी. एक गाडी बाहेर आली की हे मिरचीवाले विचारणार, आमची का नाही? तू काय सांगणार त्यांना? माझी भाकरी खाल्ली म्हणून? मग दुसरी सोडशील, तिसरी सोडशील. यार्ड मोकळं झालं की साहेब तुझ्याकडं बघेल तरी काय?" मग जरा थांबून, हसून म्हणाली, "आणि मी काय फुकट घालत होते व्हय? फेरीचे पैसे दिले, तुटलेल्या कापले. हिशेब मिटलाय आपला. लाव कुलूप."

"हुच्ची हाय ही, वेडी!" मिरचीवाला म्हणाला. पण तोही पुढं आला नाही.

कुलूप परत लागलं. तिनं हातातला हार ओळीतल्या पहिल्या सायकलीला घातला, हात जोडले, आणि नव्या इरकलीत केशवापूरपर्यंत चालत गेली. त्या गर्दीत मी शिकलासवरलेला एकटाच नव्हतो, पण आमच्यापैकी कुणाला तसं म्हणता आलं असतं असं मला वाटत नाही. गेट उघडं होतं, गाडी तिची होती, मुहूर्त तिचा होता.

दुसऱ्या दिवशी ती शोरूमच्या पायरीवर येऊन बसली. "दीड, हप्ता एक महिना पुढं ढकलता येतो काय, बँकेत विचारा की," ती म्हणाली. मी विचारलं. बँकेनं नाही म्हटलं. तिनं हप्ता भरला. पुढच्या रविवारी तिच्या घरी गेलो तर पाणी तापवायचा मोठा तांब्याचा हंडा जागेवर नव्हता. चुलीवर पत्र्याचा डबा ठेवला होता.

दिवाळी झाली आणि संप मिटला. मागितलं होतं तेवढं मिळालं नाही, पण पगार चांगला वाढला. कामगारांनी गुलाल उधळला. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्रक आमच्याकडं आलं: सगळ्या गाड्यांची किंमत वाढवली आहे. आता मला ती अट आठवली, हातात मिळेल त्या दिवशीची किंमत. शोरूममध्ये गिऱ्हाइकांनी जो गोंधळ घातला, त्यात आमची काच फुटायचीच राहिली. सगळे कामगारांना शिव्या घालत होते.

तुळसाक्का पायरीवरच बसली होती. गर्दी ओसरल्यावर मी बाहेर गेलो.

"किती वाढली?"

मी सांगितलं. तिचे तळहात मांडीवर हळूहळू हलू लागले.

"वाढवलेलं सगळं ह्यांच्या पगारात गेलं काय?"

"सगळं नाही, अक्का. थोडं पगारात, थोडं कंपनीच्या खिशात."

"ते असतंयच. पीठ मळताना थोडं परातीला चिकटतंयच."

माझ्यानं राहवलं नाही. "त्या दिवशी गेट उघडलं होतं. घेतली असती तर जुन्या किमतीत मिळाली असती."

"मिळाली असती," ती म्हणाली. "आणि बसूचा करार झाला नसता. दोन्ही खरं हाय." मग पदरानं तोंड पुसून विचारलं, "माझ्याजवळ हाय तेवढ्या पैशात काय बसतंय, ते सांगा."

तेवढ्या पैशात पूर्ण टेम्पो बसत नव्हता. मागच्या हौद्याशिवाय, नुसती चासी बसत होती. काही गिऱ्हाइकं तशी घेत आणि हौदा बाहेर स्वस्तात बांधून घेत. पुढं केबिन, मागं उघडा लोखंडी सांगाडा आणि चाकं. "तेच द्या," ती म्हणाली. "हौदा भाकऱ्या बांधतील, हळूहळू."

कँटीन सुरू झालं त्या दिवशी तिनं भाकरीचा दर वाढवला. कामगारांनी ओरडा केला. बसूअण्णा म्हणाला, "अक्का, तू पण?"

"तुझा पगार वाढला म्हणून गाडी महागली. गाडी महागली म्हणून भाकरी महागली. आता भाकरी महागली म्हणून तू परत बसणार असशील तर आधी सांग, उद्या पीठ कमी भिजवते."

तोपर्यंत त्यांना कुणाला माहीत नव्हतं, की तिला हौद्याचे पैसे पुरले नाहीत. ते त्यांना कळलं चासी खात्यातून, तिच्या गाडीचा कागद तिथं पोचला तेव्हा. बसूअण्णा वर्गणीची पिशवी घेऊन तिच्या घरी गेला आणि तशीच पिशवी घेऊन परत आला. ती घेणार नाही, हे जाण्याआधी कुणीही त्याला सांगितलं असतं.

पुढच्या आठवड्यात मला बदली होऊन बेळगावच्या शाखेत जायचं होतं, त्यामुळं तुळसाक्काला शेवटचं पाहिलं ते गाडी दिली त्या सकाळी. गर्दीमुळं मालकांनी गाड्या थेट यार्डातूनच द्यायचं ठरवलं होतं. त्या दिवशी अमावस्या होती, म्हणून दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी चावी दिली, तिनं ती कपाळाला लावून जावयाच्या हातात दिली. गाडी गेटकडं निघाली. पुढं नवी चकचकीत केबिन, आत जावयाशेजारी मामा आणि मामांशेजारी ताठ बसलेली तुळसाक्का. आणि मागं काहीच नाही. उघड्या सांगाड्यातून खालचा रस्ता पळताना दिसत होता.

सकाळच्या पाळीचे कामगार गेटबाहेर जमले होते. भोंगा झाला. उशिरा आत येणाऱ्याचा अर्धा दिवस कापायचा, ही अट कंपनीनं नव्या करारात हट्टानं घालून घेतली होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. कुणी हललं नाही. दोन्ही बाजूंनी उभे राहिले, तीच माणसं, सायकली हातात धरून. मुकादम आतून ओरडत होता. गाडी त्यांच्यामधून गेली. तुळसाक्कानं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना आत जायची खूण केली, रागानं, दोनदा. तरी ते उभेच राहिले, गाडी वळणाआड होईपर्यंत.

त्या दिवशी सगळ्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, आणि युनियननं त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.